अळणी

सिडकोतला तो वरचा मजला आम्ही भाड्यानं बघायला गेलो, तेव्हा काकांनी आमचं नाव-गाव काहीच विचारलं नाही. दारात उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याकडे त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, “कंबर अडतीस. पँट छत्तीसची. दम नाही का लागत?”

नवरा गडबडला. मला हसू आवरेना, कारण ते खरं होतं. लग्नानंतर तो सुटला होता आणि नवीन पँट घ्यायला तयार नव्हता.

काकांचं गुलमंडीत कापडाचं दुकान होतं. सगळं आयुष्य गल्ल्याच्या मागे बसून गिऱ्हाइकाच्या छातीकडे आणि कमरेकडे बघण्यात गेलेलं. म्हातारपणी दुकान पुतण्याकडे दिलं, पण नजर काही निवृत्त झाली नाही. बायको वारलेली. मुलगी, वर्षाताई, पुण्यात. खाली ते एकटे, वर आम्ही. सुमनबाई धुण्याभांड्याला यायच्या, त्या पार काकू होत्या तेव्हापासूनच्या.

माणूस उंच, ताठ, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा. आम्ही गेलो तेव्हा चांगले अंगापिंडाने होते. मला ते ‘टीचर’ म्हणायचे, कारण मी शाळेत शिकवत होते. सकाळी मी जिना उतरले की त्यांचा पहिला प्रश्न असायचा, “टीचर, काल रात्री काय केलं होतं?”

“वांग्याची भाजी, काका. भाकरी.”

“शेंगदाण्याचा कूट?”

“हो.”

“तेल वर आलं होतं?”

“थोडंसं.”

काका डोळे मिटायचे. एखाद्या घरात कुणी गेल्याचं ऐकावं तसे. मग म्हणायचे, “हे आतून मारतं.”

हा त्यांचा ठरलेला शेरा. तेल आतून मारतं, मैदा आतून मारतो, साखर आतून मारते. पण या सगळ्यांचा बाप म्हणजे मीठ. काकांच्या घरात मीठ नव्हतं. कमी नव्हतं, नव्हतंच. काकू गेल्यानंतर त्यांनी मिठाची बरणी बाहेर टाकली होती असं सुमनबाईंनी मला सांगितलं. ते स्वतःच स्वयंपाक करायचे. दुधी, दोडका, मूठभर मूगडाळ आणि तांदूळ, सगळं एकाच कुकरमध्ये. त्याचा राखाडी रंगाचा गोळा व्हायचा. एकदा त्यांनी मला तो खायला लावला. कागद भिजवून खावा तसं लागलं. मी कसाबसा गिळला आणि म्हणाले, “हलकं आहे.” काका खूश झाले.

सकाळी ते कॉलनीच्या बागेत जायचे. तिथल्या म्हाताऱ्यांना जमवून त्यांची व्याख्यानं चालायची. कुणी मठरी खाल्ली, कुणी बायकोच्या हातचं लोणचं खाल्लं, याची उलटतपासणी व्हायची. सोबत तांब्याचा जग. दिवसभर तो भरून भरून पाणी प्यायचे आणि दुसऱ्यांना पाजायचे. “आतून धुवून काढायचं,” म्हणायचे. पुतण्याच्या घरच्या लग्नात ते स्वतःचा डबा घेऊन गेले आणि बुफेत पापड-लोणच्याच्या टेबलाशी उभे राहून लोकांना परतवू लागले. पुतण्यानं हात जोडले तेव्हा बाजूला झाले.

लोक हसायचे. मीही हसायचे. उन्हाळ्यात सिल्लोडकडून माझी आई आली, तिनं गच्चीवर पापड घातले. काका वर आले, त्या ओळी बघून दचकले आणि म्हणाले, “टीचर, गच्चीवर सुरुंग पेरलेत तुम्ही.”

आई खेड्यातली. तिला चेष्टा वाटली. म्हणाली, “दादा, एक भाजून देऊ का? बघा तर खाऊन.”

काका आईच्या हातातल्या पापडाकडे बघत राहिले. त्यांचा गळा खालीवर झालेला मी पाहिला. मग ते वळले आणि जिना उतरून गेले, कठड्याला धरून.

आई म्हणाली, “ह्या माणसाला भूक लागलेली हाय.”

“त्यांना काय कमी आहे, आई? पथ्य करतात ते.”

“असंल,” आई म्हणाली आणि पापड उलटायला लागली.

काका वाळत चालले होते, पण रोज बघणाऱ्याला ते कळत नाही. त्यांना मात्र कळत होतं आणि त्याचा अभिमान वाटत होता. “लग्नातली कंबर परत आली टीचर,” असं त्यांनी मला एकदा टेप लावून दाखवलं. पँटी सारख्या अल्टर करायला जायच्या. त्यांचा जुना दर्जी दुकानाच्या मागच्या गल्लीत बसायचा. एकदा मी काकांची पिशवी आणायला गेले तर तो म्हातारा चष्म्यावरून बघत म्हणाला, “सेठ को बोलो, पतलून में काटने को अब कुछ बाकी नहीं रहा. अगली बार सेठकोच काटना पड़ेंगा.” मी ते काकांना सांगितलं. ते खूप हसले. हसताना त्यांच्या गळ्याची कातडी हलत होती.

त्या वर्षी उन्हाळा कडक होता. काका खुर्चीत बसल्या बसल्या झोपायला लागले. पायरीवर पाय चुकायचा. बोलता बोलता शब्द अडायचा. मला ‘टीचर’ म्हणायच्या ऐवजी एकदा ‘पावती’ म्हणाले आणि स्वतःच चिडले. आम्ही म्हटलं, वय झालं. शेजारचे म्हणाले, विसरण्याचा आजार असतो तो, सुरुवात अशीच होते. वर्षाताईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, “सुट्टी मिळाली की येते.”

एका रविवारी सकाळी पाणी आलं नाही म्हणून मी खाली व्हॉल्व बघायला गेले. दार सताड उघडं. आत भांड्यांचा आवाज. हाक मारली, उत्तर नाही. स्वयंपाकघरात डोकावले आणि तिथंच उभी राहिले.

काका जमिनीवर बसले होते. शर्ट उलटा घातलेला. आयुष्यात मी त्यांचं बटण कधी उघडं पाहिलं नव्हतं. भोवती सगळे डबे पसरलेले, झाकणं उघडी, डाळ सांडलेली, आणि ते एकेका डब्यात हात घालून चाचपत होते.

“मीठ कुठं ठेवलंस?” ते म्हणाले.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

“काका?”

त्यांनी वर पाहिलं. नजर माझ्यावर होती, पण मी तिथं नव्हते. चेहरा एकदम मऊ झाला. “अगं, तू कशाला उठलीस? पड तू. मी आणतो की.” मग त्यांनी मूठ पुढं केली आणि आवाज खाली आणला. “घे. पटकन खा. डॉक्टर गेला. वर्षाला सांगू नको.”

मूठ उघडली. आत काही नव्हतं. तो रिकामा हात त्यांनी माझ्या तोंडाशी आणला. “खा ना. चिमूटभरच आहे.”

मी जिन्याकडे तोंड करून नवऱ्याला हाका मारल्या. तो शेंद्र्याच्या कारखान्यातून रात्रपाळी करून येऊन नुकताच आडवा झाला होता. आम्ही दोघांनी काकांना उचललं. नवऱ्यानं त्यांना काखेत धरलं आणि माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. “अगं, यांचं वजनच नाही,” तो म्हणाला.

रिक्षात त्यांना झटका आला. डोळे पांढरे, दातखीळ, सगळं अंग लाकडासारखं ताठ होऊन हिसके देऊ लागलं. रिक्षावाला “या अल्ला, या अल्ला” करत सिग्नल तोडून पळवत होता. मी काकांचं डोकं धरून बसले होते आणि मला खात्री होती की हे माझ्या मांडीवरच जाणार.

दुपारपर्यंत वर्षाताई पुण्याहून आल्या. तोवर डोक्याचा स्कॅन झाला होता आणि त्यात रक्तस्राव नव्हता, गाठ नव्हती, काही नव्हतं. झटके थांबले होते, पण काका भानावर नव्हते. वर्षाताई जवळ गेल्या. “बाबा, मी.” काकांनी त्यांचा हात धरला, रिकामी मूठ त्यांच्या ओठाशी नेली आणि पुन्हा तेच. “खा गं. डॉक्टर गेला. वर्षाला सांगू नको.”

वर्षाताईंचा चेहरा मी विसरणार नाही. त्या हळूच हात सोडवून बाहेर आल्या आणि बाकावर बसल्या.

“आईच्या किडन्या खराब झाल्या होत्या,” त्या म्हणाल्या. “मीठ वर्ज्य होतं. बाबा मला फोनवर सांगायचे, मी काटेकोर पाळतोय म्हणून. आणि हे…” थोड्या वेळानं त्या उठून कोपऱ्यात गेल्या आणि कुणाला तरी फोन लावला. मला एवढंच ऐकू आलं, “हो, कायमचंच. सांभाळणारे लोक आहेत ना तुमच्याकडे?”

संध्याकाळच्या आत डॉक्टर रक्ताचा रिपोर्ट घेऊन आले. तरुण होते. आमच्याकडे बघून म्हणाले, “हे जेवणात मीठ खातच नाहीत का?”

“वर्षं झाली,” मी म्हणाले.

“आणि पाणी?”

“जगच्या जग.”

“बीपीची गोळी?”

ती होती. डॉक्टरांनी मान हलवली. “ती गोळी लघवीवाटे मीठ बाहेर काढते. वरून इतकं पाणी. आणि आत काहीच जात नाही. यांच्या रक्तातलं मीठ संपत आलंय. मेंदूला सूज आलीय त्यामुळे. हा विसरण्याचा आजार नाही, वेडही नाही.”

“मिठामुळे?” वर्षाताई म्हणाल्या. “नुसत्या मिठामुळे माणूस असा होतो?”

“होतो. म्हातारा माणूस लवकर होतो.” मग त्यांनी काकांच्या दंडाची कातडी चिमटीत धरून आम्हाला दाखवली. चिमटीत नुसती कातडी आली. “आणि हे बघा. अंगावर मांस नाही. दूध नाही, उसळ नाही, काही नाही, असंच ना? लहान मूल असतं तर मी कुपोषित लिहिलं असतं. यांच्यासाठीही तेच लिहिणार आहे.”

कुपोषित. तो शब्द मी शाळेत पोषण आहाराच्या बैठकीत ऐकलेला, पाड्यावरच्या पोरांसाठी. दुमजली घराच्या मालकासाठी, कडक इस्त्रीच्या शर्टासाठी तो शब्द वापरला जाईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आणि हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत, रोज सकाळी माझ्या जेवणाची चौकशी करत करत तिथवर पोचला होता.

मीठ एकदम चढवता येत नाही, मेंदूला इजा होते. थेंबाथेंबानं देत होते, पुन्हा पुन्हा रक्त तपासत होते. जसजसं ते वाढत गेलं तसतसे काका परत येत गेले. आधी वर्षाताईंना ओळखलं. मग आपण दवाखान्यात आहोत हे कळलं. मग एका सकाळी माझा नवरा भेटायला गेला, तर काकांनी त्याच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि पुटपुटले, “चाळीस झाली.” नवरा बाहेर येऊन भिंतीला टेकून रडला. असा तो सहसा रडत नाही.

काय बोलत होते, कुणाला काय भरवत होते, यातलं काकांना काही आठवत नव्हतं. आम्ही सांगितलं नाही. वर्षाताईंनी वृद्धाश्रमाला तो फोनही परत लावला नाही. पण त्या वडिलांशी कामापुरतंच बोलत होत्या. गोळी घ्या. कूस बदला. बस.

काका त्यानंतर चांगले सावरले. आम्ही ते घर सोडून शेंद्र्याकडे राहायला गेलो, तरी त्यांचा फोन येत असतो आणि काल काय केलं होतं याची चौकशी होत असते. पण मला सांगायचंय ते दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवसाचं.

वर्षाताईंनी वरण-भात केला, वर तूप, सोबत मटकीची उसळ. डॉक्टरांनी गोळी बदलली होती आणि मीठ इतरांसारखंच खायचं म्हणून बजावलं होतं. मी काकांना धरून टेबलाशी बसवलं. सुमनबाई मागच्या मोरीत भांडी घासत होत्या. काकांनी एक घास तोंडात घातला. चेहरा बदलला. तो घास त्यांनी परत ताटात काढून ठेवला.

“यात मीठ आहे.”

“आहे,” वर्षाताई म्हणाल्या. “खायचंय.”

“हे आतून मारतं.”

“बाबा, मीठ न खाऊन मेला होतात तुम्ही.”

“मी नाही खाणार.” ताट त्यांनी लांब सारलं.

तेव्हा वर्षाताईंचा तोल गेला. इतके दिवस कोंडलेलं सगळं बाहेर आलं. “स्वतः शिस्त पाळता आणि आईला चोरून खाऊ घालत होतात! डॉक्टर गेला की मीठ देत होतात तिला. मला सांगू नको म्हणत होतात. दवाखान्यात सगळ्यांसमोर बोललात तुम्ही!”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली, त्यावरून त्यांना ते खरं असल्याचं कळलं.

“मी असं म्हणालो?”

“माझ्याही तोंडाशी हात आणला होता तुम्ही,” मी म्हणाले.

बराच वेळ ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. कापडाचा काठ तपासावा तसं.

“नाही दिलं,” ते म्हणाले. “वर्षा, एक कणसुद्धा नाही दिला. डॉक्टर म्हणाला होता, कमी करा. मी बंद केलं. मला वाटलं, कमीनं बरं होतं तर बंद केल्यानं आणखी लवकर होईल. ती मागायची. म्हणायची, चिमूटभर टाका हो, घास उतरत नाही. मी म्हणायचो, हे आतून मारतं. मग तिनं जेवणच कमी केलं. शेवटी शेवटी तर मागायचंही सोडलं, नुसती बघायची माझ्याकडे. मी उचलून न्यायचो तिला बाथरूमला. कापडाचा तागा उचलावा तशी उचलली जायची.” ते थांबले. “ती आजारानं गेली का उपाशी गेली, मला नाही माहीत. कुणाला विचारणार? मग मी कोणत्या तोंडानं खाऊ?”

वर्षाताई उभ्या होत्या त्या खाली बसल्या. बागेतली ती व्याख्यानं, तो तांब्याचा जग, सगळी कॉलनी ज्याला हसत होती तो माणूस. आमच्या डोळ्यांसमोर तो स्वतःला शिक्षा देत होता, आणि आम्ही त्याला पथ्य म्हणत होतो.

“मालक.”

सुमनबाई दारात उभ्या होत्या. हाताला राखाडी फेस तसाच.

“मालकीणबाई उपाशी नव्हत्या,” त्या म्हणाल्या.

काकांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

“तुम्ही बागंत गेलात की त्या मागच्या दारी यायच्या. माझ्या डब्यातलं खायच्या. चतकोर भाकर आन् ठेचा. लई नाय खायच्या, पर रोज खायच्या. पुढं उठता येईना तवा मी आत न्यायची, पदराखाली.”

काका टेबलाला रेटा देऊन उठले. मला वाटलं, आता हे सुमनबाईंच्या अंगावर जाणार. “तू तिला मीठ देत होतीस? तिच्या किडन्या…”

“व्हय. देत होते. डॉक्टर कमी म्हणलाय, मालक ऐकत नाय, हे त्याच सांगायच्या मला. माझं चुकलं असंल तर बोला. पर त्या भुकेल्या गेल्या नाय, एवढं म्या सांगते.”

वर्षाताईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं. “इतकी वर्षं का नाही सांगितलंत, सुमनबाई?”

सुमनबाईंनी पदराला हात पुसले. “सांगितलं असतं तर मला कामावरनं काढलं असतं,” त्या शांतपणे म्हणाल्या. “आन् ते मिठापायी नाय.”

सुमनबाईंचा चहाचा कप मागच्या खिडकीत वेगळा पालथा घातलेला असायचा. त्यांचा डबा धुण्याच्या दगडाजवळ असायचा, कुणाच्या देखत कधी उंबऱ्याच्या आत आला नव्हता. त्या घरात ते कुणी बोलून दाखवत नसे. आणि त्या घरची मालकीण रोज त्याच डब्यातून जेवत होती.

काका तसेच उभे. मला त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच वाचता येईना.

“आज डबा आणलाय?” त्यांनी विचारलं.

“आणलाय. मागं हाय.”

मी उठायला लागले तर त्यांनी हातानं थांबवलं. भिंत धरत, दाराची चौकट धरत ते स्वतः मागच्या बाजूला गेले. आम्ही तिघी जागच्या जागी. बऱ्याच वेळानं ते परत आले. डबा छातीशी धरलेला. तो त्यांनी टेबलावर आपल्या ताटाशेजारी ठेवला आणि झाकण उघडायला लागले. बोटांत जोर नव्हता. सुमनबाई पुढं झाल्या आणि त्यांनी झाकण काढून दिलं.

ज्वारीची भाकरी, कडेला हिरवा ठेचा. काकांनी तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि तोंडात घातला. पहिल्यांदा काही झालं नाही. मग त्यांना ठसका लागला, नाकातोंडातून पाणी यायला लागलं, चेहरा लाल झाला. वर्षाताई पाण्याचा ग्लास घेऊन धावल्या.

“एवढं तिखट?” काका श्वास घेत म्हणाले. “ती तर तिखट खातच नव्हती.”

“तुमच्यासमोर नव्हत्या खात,” सुमनबाई म्हणाल्या.

काकांनी पाण्याचा ग्लास बाजूला सारला आणि दुसरा तुकडा मोडला.